बांगडीचं बारसं

“घुगऱ्या कशाच्या गं इंदे? पाळणा हलला आन् आमाला पत्ता न्हाई?”

शेजारच्या कोंडाबाईंनी वाटी पुढे करत विचारलं. इंदूकाकूंनी पातेल्यातल्या दोन पळ्या घुगऱ्या त्यांच्या वाटीत ओतल्या आणि माझ्याकडे हात केला.

“आमच्या रेणूला बांगडी झालीया. आज बारसं.”

“बांगडी?”

“व्हय. आभाळात.”

कोंडाबाईंनी मला नीट निरखलं, मग काकूंकडे बघितलं, आणि “बरं हाय, बया,” म्हणत वाटी पदराखाली झाकून त्या निघून गेल्या.

मार्चचा पहिला रविवार होता. मी बावीस वर्षांची होते, बी.एस्सी. होऊन आठ महिने झाले होते, आणि माझ्याकडे पंचवीस दिवस उरले होते.

हे दिवस नानांनी ठरवले होते. नाना, म्हणजे माझे वडील, फलटणच्या एस.टी. आगारात वाहतूक नियंत्रक होते. चौकशीच्या खिडकीमागे बसून आयुष्यभर गाड्या सोडलेला माणूस. त्यांच्या बोलण्यात ‘बघू’ हा शब्द नव्हता. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं होतं. “मार्चअखेर,” ते म्हणाले होते. “तोवर त्या आकाशातून काहीतरी करून दाखव. म्हणजे ज्याच्या जोरावर कुणी तुला पुढं घेईल असं. नाहीतर बी.एड.चा फॉर्म. चालेल?” मी चालेल म्हटलं होतं. तेव्हा मार्च फार लांब वाटत होता.

कॉलेजच्या सावंत मॅडमनी प्रयोगशाळेतली आरशाची दुर्बीण आणि कॅमेरा स्वतःच्या सहीवर मला वापरायला दिला. पण फलटणच्या आभाळात दिवे फार. तेव्हा मला अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे विष्णू शेटे. दहिवडीत अडतीस वर्षं त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान पुतण्याच्या हाती देऊन ते वर माळावर, आपल्या गावी येऊन राहिले आणि तिथे रिकामपणी त्यांनी हातानं आरसा घासून एक दुर्बीण केली. ती घेऊन ते आमच्या कॉलेजच्या आकाशदर्शनाला आले होते. मी फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “ये की. आमच्याकडं अंधार भरपूर हाय.” पंधरा दिवसांत त्यांनी घराच्या स्लॅबवर पत्र्याची एक खोली उभी केली. तिचं छप्पर रुळांवरून बाजूला सरकायचं. त्यांच्या बायकोनं, इंदूकाकूंनी, माझ्या आईला फोन करून सांगितलं, “पोरगी माझ्याजवळ झोपंल, काळजी करू नगासा.” तेव्हापासून महिन्यातले निम्मे दिवस मी तिथेच असायचे.

मी फिकट तेजोमेघांचे फोटो काढत होते. हे मेघ डोळ्यांना दिसत नाहीत आणि साध्या फोटोतही धड येत नाहीत. पण त्यातला वायू ठरावीक रंगातच चमकतो. हायड्रोजन तांबड्या रंगात, गंधक त्याहून गडद तांबड्यात, ऑक्सिजन निळ्या-हिरव्यात. नेमका तेवढाच रंग आत सोडणारी काच कॅमेऱ्यापुढे धरली की जगातला बाकीचा सगळा उजेड बाहेर राहतो. माझ्याकडे अशा तीन काचा होत्या, रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या, एका चकतीत बसवलेल्या. चकती फिरली की काच बदलायची. एक फोटो दहा मिनिटांचा. असे शे-दोनशे फोटो संगणकानं एकावर एक रचले की मग कुठे धुरासारखं काहीतरी वर यायचं.

सारथी तारकासमूहातल्या एका माहितीतल्या तेजोमेघावर मी काम करत होते. हायड्रोजन आणि गंधकाचे फोटो जानेवारीत झाले. ऑक्सिजनचे फोटो चंद्राच्या उजेडात बिघडतात, म्हणून ते फेब्रुवारीतल्या अंधाऱ्या पंधरवड्यात घेतले. नऊ रात्री. ते रचल्यावर चित्राच्या उजव्या वरच्या बाजूला एक कडं दिसलं. अगदी फिकट, पण गोल, नेटकं, मधे पोकळ. हायड्रोजनच्या फोटोत ते नव्हतं, गंधकाच्याही नव्हतं. मरणाऱ्या ताऱ्यानं फेकलेलं वायूचं कवच असं दिसू शकतं. मी हाताशी असलेल्या सगळ्या याद्या चाळल्या. त्या जागेवर कुणीही काहीही नोंदवलेलं नव्हतं.

मॅडमना चित्र पाठवलं. त्यांचा फोन दहा मिनिटांत आला. “रेणुका, हे खरं वाटतंय. नव्या तेजोमेघांची यादी ठेवणारे हौशी लोक आहेत, त्यांच्याकडे अर्ज पाठव. आधी मला दाखव, बुधवारी पाठवू. आणि त्यांनी दखल घेतली की पुण्याच्या प्रकल्पासाठी मी तुझं नाव कळवते. तुझ्या वडिलांशी मीच बोलेन.”

काकूंनी त्या कड्याला बघताक्षणीच बांगडी म्हटलं. नवं काही जन्मलं म्हणजे बारसं आणि बारसं म्हणजे घुगऱ्या, हा हिशोब त्यांनी आमच्यापैकी कुणालाही न विचारता केला.

कोंडाबाई गेल्यावर आम्ही तिघं ओसरीवर घुगऱ्या खात बसलो. मी दहिवडीच्या स्टुडिओतून चित्राची मोठी प्रत काढून आणली होती. ती अण्णांच्या हातात दिली.

“आता नाव काय ठेवताय?” काकूंनी विचारलं. “बारसं केलंय, बिननावाची ऱ्हाईल व्हय?”

“नाव ठरलंय,” मी म्हटलं. “अर्जात शोधणाऱ्यांची नावं घालायची असतात. भोईटे-शेटे एक.”

अण्णांनी मान वर केली. “शेटे कोन?”

“तुम्ही.”

“माझं कशाला?”

“कशाला म्हणजे? स्लॅब तुमचा, खोली तुमची. थंडीत रोज माझ्यासोबत बसलात. मागच्या पौर्णिमेला मी घरी गेले होते, तेव्हा त्या चकतीचा ढिला स्क्रू तुम्ही आवळून ठेवलात. नाहीतर ऑक्सिजनचे सगळे फोटो हलले असते.”

“शेट्यांचं नाव आभाळात!” काकू म्हणाल्या. “तुमच्या भैनीला फोन लावू का? तिचा जावई पंचायतीत निवडून आला तवा महिनाभर भुईला टेकलीच न्हवती.”

अण्णा हसले नाहीत. घास चावता चावता ते थांबले होते. नाव घातल्यामुळे ते गहिवरले असतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.

“हे कडं निस्त्या ऑक्सिजनच्या काचेतच दिसतंय न्हवं?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

“हो. तेच तर महत्त्वाचं आहे.”

“हां,” ते म्हणाले, आणि प्रत घेऊन आत गेले.

सोमवारी ते सकाळच्या गाडीनं बाहेर गेले आणि दिवेलागणीला परत आले. मी दिवसभर स्लॅबवर अर्ज भरत होते. मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला ते जिना चढून वर आले. एका हातात चित्राची प्रत होती, दुसऱ्यात एक लहान कागद.

“येळ हाय का, रेणू?”

“या ना अण्णा. बरं झालं आलात. दोनशे शब्दांत वर्णन लिहायचंय आणि माझे तीनशे झालेत.”

ते कठड्यावर टेकले. प्रत मांडीवर ठेवली.

“स्क्रू आवळला त्या दिवशी मी ऑक्सिजनची काच पुसली,” ते म्हणाले.

मला आधी नीट कळलंच नाही. “म्हणजे?”

“पुसली. मऊ फडक्यानं. धुळीचं तीन कण हुते तिच्यावर.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं पुसायला?”

“कुनीच न्हाई. चकती उघडली, काच दिसली, हातानं पुसली. अडतीस वर्सं काच म्होरं आली की फडकं फिरतंच माझं. पुसल्याचं ध्यानातसुदिक ऱ्हायलं न्हाई. परवा तू स्क्रूचं बोललीस तवा आठवलं.”

म्हणजे काय झालं असणार, ते मला त्या क्षणी समजलं. ते नीट सांगायचं तर थोडं कामाचं सांगायला हवं.

काचेवर धूळ असतेच. तिची सावली फोटोत पडते. म्हणून आम्ही संध्याकाळी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून आभाळाचे कोरे फोटो घेतो. त्या कोऱ्या फोटोत धुळीच्या सावल्या स्पष्ट दिसतात. मग संगणक खऱ्या फोटोत नेमक्या त्याच जागा तेवढ्याच उजळतो आणि सावल्या भरून निघतात. यात एकच अट आहे. कोरे फोटो आणि खरे फोटो यांच्यामध्ये धूळ होती तशी राहिली पाहिजे. म्हणून आमच्यात दोन्ही फोटो होईपर्यंत काच कुणी पुसत नाही. कितीही घाण झालेली असो.

तिन्ही काचांचे कोरे फोटो मी जानेवारीच्या शेवटी घेतले होते. मग अण्णांनी ऑक्सिजनची काच पुसली. मग मी नऊ रात्री त्या स्वच्छ काचेतून फोटो घेतले. आणि संगणकानं जुन्या कोऱ्या फोटोंवर विश्वास ठेवून, जिथे सावली नव्हतीच ती जागा उजळली. आरशाच्या दुर्बिणीत धुळीच्या कणाची सावली कशी पडते हे मला पुस्तकातून आणि डोळ्यांनी, दोन्हीकडून माहीत होतं. ती गोल पडते. मधे पोकळ.

“मी तुम्हाला स्क्रू आवळायला सांगितला होता,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “फक्त स्क्रू!”

“व्हय.”

“नऊ रात्री, अण्णा!”

“व्हय.”

“नानांना काय सांगू मी? शेटे अण्णांची पुसायची खोड जाईना म्हणून मला बी.एड. करायला लागणार?”

खाली काकू मिरच्या कांडत होत्या. तो आवाज थांबला. मी मात्र थांबले नाही.

“आणि कशावरून ते कडं म्हणजे तुमचा कण? तीन कण होते म्हणता. कुठे होते ते आता कुणाला माहीत?”

तेव्हा त्यांनी तो लहान कागद माझ्यापुढे धरला. दुकानातल्या जुन्या पावतीपुस्तकाचं पान होतं, पाठकोरं. त्यावर पेन्सिलीनं काढलेलं एक वर्तुळ, वर्तुळात तीन ठिपके, एक मोठा आणि दोन बारीक. खाली तारीख आणि ‘ऑक्सिजन. चकतीवरचा आकडा खालच्या अंगाला.’

“हे काय?”

“गिऱ्हाईक चष्मा पुसायला देतं,” अण्णा म्हणाले, “आन् घरी जाऊन म्हनतं, ह्यो वरखडा शेट्याच्या दुकानात पडला. म्हनून आमच्या वडलांनी लावलेली शिस्त हाय. काच हातात आली की आधी कागदावर गोल काढायचा. हाय ते डाग त्यात टिपायचं. मग फडकं. तुझी काच पुसली तवाबी काढला, हाताच्या सवयीनं, आन् पाकिटात घातला. रविवारी रात्री हुडकला.”

मी कागद हातात घेतला. उलटा केला, परत सुलटा केला.

“हा चार प्रकारे ठेवता येतो,” मी म्हटलं. “उलटा, सुलटा, आणि दोन्ही आरशातले. चारातल्या एका प्रकारे एक ठिपका त्या कड्यावर येणारच. त्यानं काही सिद्ध होत नाही.”

“एका ठिपक्यानं न्हाईच व्हत,” ते शांतपणे म्हणाले. “पर तीन हायेत. मोठ्याचं कडं तू बघितलंस. बाकीची दोन बग. मला प्रतीत एक दिसल्यावानी वाटतंय, दुसरं दिसत न्हाई. तुझ्या मशीनवर दिसंल.”

मी लॅपटॉप ओढला. चित्र उघडलं, आणि त्यातला अंधार शक्य तितका उजळला, इतका की तारे पांढरी ढेकळं झाले आणि आभाळ मीठ सांडल्यासारखं दिसायला लागलं. खाली डावीकडे एक कडं होतं. मधोमध, जरा वर, आणखी एक. इतकी फिकट की आधी माहीत असल्याशिवाय कुणी बघितली नसती. मी बघितली नव्हती. मला एक मोठं मिळालं होतं, आणि मग मी बघणं थांबवलं होतं.

पण जागा जुळायला हव्यात. मी पट्टी घेतली. कागदावरच्या तीन ठिपक्यांमधली तिन्ही अंतरं मोजली. स्क्रीनवरच्या तीन कड्यांमधली तिन्ही मोजली. गुणोत्तरं काढली. कागदावर एक पूर्णांक एक्केचाळीस, स्क्रीनवर एक पूर्णांक एकोणचाळीस. दुसरं गुणोत्तर दोन्हीकडे शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी. मी पुन्हा मोजलं. पेन्सिलीनं हातानं काढलेल्या चित्राला यापेक्षा जास्त जुळणं शक्यच नव्हतं.

अर्ज दुसऱ्या खिडकीत उघडा होता. भोईटे-शेटे एक. खाली एक निळं बटण.

आता लपवण्यात अर्थ नाही; तेव्हा माझ्या मनात आलं ते सांगते. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. अर्ज गेला असता तर त्याची खातरजमा व्हायला महिनोन्‌महिने लागले असते. तोवर मार्च उलटला असता, पुण्याला माझं नाव गेलं असतं. नंतर कुणी म्हटलं असतं की तिथे काही दिसत नाही, तर मी म्हटलं असतं की चूक झाली. चूक तर झालीच होती. मला वेगळं काही करायचंही नव्हतं. कागद परत द्यायचा आणि म्हणायचं, अण्णा, मला नाही पटत.

अण्णा पश्चिमेकडे बघत होते.

“दिस बुडायला दोन-अडीच तास हायेत,” ते म्हणाले. “कापड आणू का?”

मी अर्जाची खिडकी बंद केली. “आणा,” म्हटलं.

त्यांनी धुतलेल्या धोतराचा तुकडा आणला. ऑक्सिजनचे फोटो झाल्यापासून चकती कुणी उघडलेली नव्हती, कॅमेरा हललेला नव्हता. म्हणजे आता घेतलेले कोरे फोटो त्या नऊ रात्रींना लागू पडणार होते. सूर्य टेकल्यावर आम्ही दुर्बीण माथ्यावरच्या आभाळाकडे रोखली आणि दोन्ही बाजूंनी कापड ताणून धरलं. धरल्या धरल्या मला ते आठवलं, जे मघापासून आठवायला हवं होतं.

“अण्णा.”

“हां.”

“चकती उघडली की कोरे फोटो परत घ्यायचे, हा नियम आहे. माझ्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलाय. तुम्ही चकती उघडलीत हे मला माहीत होतं. मीच सांगितलं होतं उघडायला.”

“मग घेतलं का न्हाईस?”

“पहिलीच निरभ्र संध्याकाळ होती. अर्धा तास गेला असता. घाई केली.”

“हां.”

“तुम्हाला उगाच बोलले मी.”

“बोललीस ते बोललीस. कापड ताण, तुझ्या अंगाला चुनी पडतीया.”

तीस कोरे फोटो घेतले. अंधार पडल्यावर खाली येऊन संगणकाला नव्यानं सगळं रचायला लावलं. त्याला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आम्ही भाकरी खाल्ली. चित्र उघडलं तेव्हा सारथीतला जुना तेजोमेघ होता तिथेच होता, उलट त्याची एक बारीक झालर आता पहिल्यांदा नीट दिसत होती. उजवीकडे वर काळंभोर आभाळ होतं.

काकू माझ्या खांद्यावरून बघत होत्या. “गेली व्हय बांगडी?”

“होतीच कुठे, काकू.”

“आन् गावानं घुगऱ्या खाल्ल्या त्या?”

“त्या पचल्या असत्याल आता,” अण्णा म्हणाले.

काकूंना हसू आवरेना. मग मलाही. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना, तेव्हा काकूंनी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला आणि माझं डोकं मांडीवर घेतलं.

“तुमचं नाव गेलं, अण्णा,” मी तसंच पडून म्हटलं.

“माझं नाव अडतीस वर्सं दुकानावर हुतं,” ते म्हणाले. “वाचनारी मानसं तिथं जास्त हुती.”

मॅडमना त्याच रात्री सगळं कळवलं, दोन्ही चित्रं आणि अण्णांच्या कागदाचा फोटो जोडून. सकाळी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं होतं: ‘पाठवण्याआधी कळलं, हे माझ्यावरही उपकार झाले.’ पुण्याबद्दल त्यात काही नव्हतं. असायचं कारणही नव्हतं.

गुरुवारी मी घरी गेले. वाटेत एस.टी.त मी नानांशी काय बोलायचं ते तीन वेळा पाठ केलं. ते कामावरून आले, पायमोजे काढून खाटेवर बसले. मी चहा दिला आणि पाठ केलेलं सगळं विसरले.

“नाना, ते नाही झालं. ती धूळ होती.”

त्यांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. “बरं.”

“बी.एड.चे फॉर्म कधी सुटतात?”

“पुढच्या मार्चनंतर बघ.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “तुम्ही मार्चअखेर म्हटला होतात.”

“म्हटलं होतं. कुठला मार्च ते म्हटलं नव्हतं.” आणि ते पेपर उघडून बसले. आयुष्यात पहिल्यांदा नानांनी वेळ पुढे ढकलली होती. आईनं रदबदली केली असेल असं मी धरून चालले. आईला विचारलं तर ती म्हणाली, “मी? माझं ऐकतात होय ते कधी?” तीही चकित झाली होती. मग मी तो विषय सोडून दिला. मिळालेल्या वर्षाची कारणं विचारत बसायची माझी हिंमत नव्हती.

त्या वर्षात मी नवं काहीही शोधलं नाही. सारथीतला तोच तेजोमेघ पूर्ण केला. प्रत्येक काच हातात आली की आधी कागदावर गोल काढला. पुण्याच्या मुलाखतीला मॅडमनी मला त्या वर्षी पाठवलं. तिथे तिघांपैकी एका परीक्षकांनी ते नसलेलं कडं आणि अण्णांचा कागद शेजारी शेजारी ठेवून पंचवीस मिनिटं प्रश्न विचारले. दुसरं फारसं काही विचारलंच नाही. आता मी एका वेधशाळेत काम करते. दुर्बिणींचे कॅमेरे आणि काचा सांभाळणं हेच माझं काम आहे.

गेल्या महिन्यात नाना निवृत्त झाले. त्या संध्याकाळी घरी बरीच माणसं जेवायला होती. नाना क्वचितच इतके मोकळे असतात. कुणीतरी विचारलं, “एवढ्या वर्षांत खिडकीवर सगळ्यात विचित्र चौकशी कुणी केली हो?” नानांनी दोन-तीन गमती सांगितल्या. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, “खरी विचित्र चौकशी हिच्या त्या चष्मेवाल्याची.”

“कोण? अण्णा?” मी विचारलं. “अण्णा कधी आले होते तुमच्या खिडकीवर?”

“तुला ठाऊक नाही? त्यांनी सांगितलं नाही?” नाना इतरांकडे वळले. “रांगेत उभा राहून आला. मी म्हटलं, कुठली गाडी? म्हणाला, गाडी नको, रेणुका भोईट्यांचे वडील तुमीच का? मी उठूनच उभा राहिलो. म्हणाला, घाबरू नगा, पोरगी ठणठणीत हाय. तिचं एक काम माझ्या हातनं बिघडलंय, तेवढं सांगाया आलोय. मागं ही रांग! लोक ओरडतायत, बारामती लागली का, सातारा किती वाजता. हा खिडकी सोडेना. मी मधेमधे गाड्या सांगतोय आणि हा मधेमधे ऑक्सिजन सांगतोय.”

सगळे हसले.

“कधीची गोष्ट ही?” मी विचारलं. “कुठला वार?”

“सोमवार. मार्चमधला पहिला सोमवार. माझी त्या आठवड्यात सकाळपाळी होती.”

मी मनातल्या मनात दिवस मोजले. रविवारी घुगऱ्या. मंगळवारी कागद. सोमवारी मी स्लॅबवर बसून अर्ज भरत होते, आणि मला अजून काहीच माहीत नव्हतं.

“मी त्याला विचारलं,” नाना सांगत होते, “हे पोरीला सांगितलंत का? म्हणाला, अजून न्हाई, उद्या सांगनार. आधी तुमच्याकडं आलो. मी म्हटलं, आणि तिनं नाही ऐकलं तर? एवढं हाताशी आलेलं कोण सोडतंय? तर हा माणूस खिडकीच्या गजाला धरून म्हणाला, ‘आधी माझ्यावर वरडंल. मग मोजंल. आन् मग सोडंल. अशा पोरीला एक मार्च कमी पडतो सायेब, तेवढं बगा.’ आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.”

नानांनी पाण्याचा घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

“तसंच झालं होतं का गं?”

“हो,” मी म्हटलं. “त्याच क्रमानं.”